भाऊजी, तुम्ही तो फोन केला नाहीत

भाऊजी,

परवा तुमचं तेरावं झालं. मांडव उतरला, भाड्याची भांडी पोलादपूरला परत गेली आणि तुमच्या खोलीतली खुर्ची मी खिडकीपासून हलवून भिंतीला लावली. तिथं ती वाटेत येत होती. तुम्ही असताना मी ती रोज हलवायची आणि तुम्ही रोज परत खिडकीशी न्यायचात. आता कोणी नेणार नाही.

हे मी माझ्या नातवंडांसाठी, इरा आणि निखिलसाठी लिहिते आहे. एक कॅनडात, एक नेदरलँड्समध्ये. दोघांनाही येता आलं नाही. त्यांच्यासाठी तुम्ही म्हणजे रविवारी व्हिडिओ कॉलवर देशांच्या राजधान्या विचारणारे धाकटे आजोबा. उत्तर बरोबर आलं की तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: "आणि तिथं आपली माणसं काय काम करतात?" ते दोघांनाही माहीत नसायचं. मग तुम्ही सांगायचात, कुठे आपले लोक गवंडी आहेत, कुठे बोटीवर आहेत, कुठे म्हाताऱ्यांची सेवा करतात. मुलांना ते गोष्टीसारखं वाटायचं. पण महेशची गोष्ट तुम्ही त्यांना कधी सांगितली नाहीत. मीही नाही. आता सांगते. पण बोलणार तुमच्याशीच, कारण भांडण तुमच्याशी आहे आणि तुम्ही ते अर्ध्यावर टाकून गेलात.

वर्तमानपत्रात तुमच्याबद्दल आलं ते मी कापून ठेवलेलं नाही. "ज्येष्ठ मुत्सद्दी", "कोकणचे सुपुत्र" आणि तुम्ही जिथं जिथं होतात त्या शहरांची नावं. त्यात तुम्ही कुठेच नव्हतात.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत होतात आणि इंग्रजीचा तुम्हाला राग होता. मी मुंबईच्या इंग्रजी शाळेतून शिकून आलेली, सासूबाईंना त्याचंच मोठं संकट वाटायचं. तुमच्या भावाने सांगितलं, "याला जरा शिकव, नाहीतर हा नांगरच धरणार." मी शिकवलं. पुढे महाडच्या शाळेत माझ्या हाताखालून कितीतरी मुलं गेली, पण पहिला विद्यार्थी तुम्ही. मला "बाई" न म्हणता "वहिनी" म्हणणारा एकमेव विद्यार्थी.

मग तुम्ही कॉलेजला मुंबईला गेलात आणि गावाच्या खोलीत राहिलात. मुलांनो, ही खोली म्हणजे काय ते तुम्हाला कळायला हवं. आपल्या खोऱ्यातल्या बहुतेक गावांची मुंबईत अशी एक खोली असते. गावाने वर्गणी काढून घेतलेली. गिरणीत, गोदीत, हॉटेलात कामाला गेलेले गावचे पुरुष तिथं एकत्र राहायचे. एकाची ट्रंक एका भिंतीशी, दुसऱ्याची दुसऱ्या. स्वयंपाक पाळीने. आणि या सगळ्यांत एकजण त्या आठवड्याचा पाळीचा माणूस. त्याला स्वयंपाक माफ, झाडलोट माफ. त्याचं काम एकच: गावचा कोणी दवाखान्यात असेल तर तिथं जायचं, पोलिसांनी धरला असेल तर चौकीत जायचं, आणि कोणी मेला तर शवागाराच्या दारात जाऊन उभं राहायचं. माणूस ताब्यात मिळेपर्यंत हलायचं नाही. गाडी करून मयत गावी आणायचं. घरच्यांनी तोंड बघितल्याशिवाय मुंबईत कुणाला अग्नी द्यायचा नाही, हा खोलीचा कायदा. आजही आहे.

तुम्हीही ती पाळी केलीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणाचा तरी काका अपघातात गेला आणि तुम्ही पुस्तक घेऊन शवागाराच्या पायरीवर बसलात. तो पेपर तुमचा वाईट गेला. पण मला वाटतं, तुमच्या पुढच्या आयुष्यातलं सगळं त्या पायरीवरून निघालं.

तुम्ही परराष्ट्र सेवेत गेलात. मोठमोठी शहरं पाहिलीत. सुट्टीवर आलात की मी तुम्हाला चिडवायची, "गालिच्यावर चालून पाय मऊ झालेत, भाऊजी, शेताच्या बांधावर नका जाऊ." तुम्ही हसायचात. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मात्र तुमचं हसणं कमी झालं. खात्याची माणसं कुठे, किती, कशी नेमावीत यावर एक समिती बसली आणि तिचा अहवाल लिहायचं काम तुमच्याकडे आलं. तुम्ही तो लिहिलात म्हणण्यापेक्षा त्यात राहायला गेलात.

तुमचं म्हणणं साधं होतं. इतकं साधं की मी स्वयंपाकघरात ऐकूनही मला समजलं. आपली माणसं जिथं जास्त, तिथं आपल्या वकिलातीत माणूस कमी. जिथं गालिचा चांगला, त्या शहरात सांस्कृतिक कामाला एक, व्यापाराला एक, मेजवान्यांना एक. आणि आखातातल्या बंदरावर, जिथं आपले लोक छावण्या भरभरून आहेत, तिथं मयत, तुरुंग, दवाखाना आणि कंपन्यांनी काढून घेतलेले पासपोर्ट या सगळ्याला मिळून एक टेबल. त्या टेबलावर कोणी जायला तयार नाही, कारण त्याने बढती मिळत नाही. जो जातो तो शिक्षा झाल्यासारखा जातो. त्याला तिथल्या शवागाराच्या माणसाची ओळख होते न होते तोवर त्याची बदली. तुम्ही लिहिलंत की या कामाची वेगळी शाखा करा. कामगारांची भाषा येणारी माणसं घ्या. त्यांना एका जागी टिकू द्या. जागा माणसं मोजून वाटा, शहराचा मान बघून नाही. आणि ज्याला पुढे राजदूत व्हायचंय त्याने आधी त्या टेबलावर काही वर्षं काढलीच पाहिजेत.

बैठकीत काय झालं ते तुम्हीच मला नक्कल करून सांगितलंत. एक वरिष्ठ म्हणाले, "म्हणजे एवढी मोठी परीक्षा पास झालेल्या आमच्या पोरांनी शवागाराच्या दारात उभं राहायचं?" तुम्ही म्हणालात, "हो. आमच्या खोलीत मॅट्रिक नापास झालेले राहत होते उभे." सगळे हसले. हसल्यावर चहा आला. चहानंतर पुढचा विषय निघाला.

अहवाल नाकारला नाही कोणी. नाकारला असता तर तुम्ही भांडला असतात. "उत्तम आहे" म्हणाले आणि ठेवून दिला. तुम्ही निवृत्त झालात.

तोवर तुमचे भाऊ गेले होते. मुलगा परदेशात. मी या घरात एकटी होते. तुम्ही दिल्लीत राहू शकला असतात, तिथं तुमची माणसं होती, गप्पांना बरोबरीचे लोक होते. तुम्ही सगळं मोडून इथं आलात. मला म्हणालात, "मला शेती करायची हौस आहे." तुम्हाला तांदळाचं रोप आणि गवत यांतला फरक कळत नव्हता. तुम्ही कशासाठी आलात ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं. आपण कधी त्यावर बोललो नाही. भाजी तुम्ही इतकी वाईट चिरायचात की एकाच भेंडीचे काही तुकडे करपायचे आणि काही कच्चे राहायचे. मी ती निमूट खाल्ली. हे सगळं लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून मुलांनी असं समजू नये की आजीला तुमचा राग तेवढाच होता.

पारू आपली शेजारीण. तिचा नवरा लवकर गेला. एकच मुलगा, महेश. खोलीत काही वर्षं राहून तो आखातात गेला, बांधकामावर. पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी कंपनीतल्या कुणाचा तरी फोन आला की महेश कामावर कोसळला आणि गेला. पारूने फोन ठेवला नाही, हातात धरूनच आपल्या दारात आली.

मुलांनो, आपल्याकडे घरात कोणी गेलं की अग्नी देऊन होईपर्यंत त्या घरात चूल पेटत नाही. शेजारून भाकरी जाते. पारूच्या घरी भाकरी जाऊ लागली. एका दिवसाची असते ती रीत. इथं आज मयत येईल, उद्या येईल, म्हणून ती लांबतच गेली. भावकीचं सुतक कधीपासून धरायचं यावर देवळात बैठक बसली. महेश गेला त्या दिवसापासून, की अग्नी दिल्यापासून? भावकीतल्या एका मुलीचं लग्न ठरलेलं होतं, ते पुढे गेलं. दर्भाचा पुतळा करून जाळावा आणि मोकळं व्हावं असं कोणी सुचवलं. त्यावर एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "तळीयेवाल्यांची माणसं डोंगराखाली गेली, त्यांना गावलीच नाय. आपला पोरगा तर हाय. कुठं हाय ते ठावं हाय. मग पुतळा कशाला जाळायचा?" बैठक तिथंच संपली.

वकिलातीचा फोन लागत नव्हता. लागला तर कोणी उचलत नव्हतं. मुंबईहून खोलीचा कारभारी सखाराम आला आणि पारूला घेऊन आपल्याकडे आला. तुम्ही ओटीवर होतात. पारू बसली नाही.

"भावजी, तिथला जो मोठा साहेब हाय, तो तुमच्या हाताखाली होता म्हणतात. तुमी एक फोन लावा. माजा पोरगा बर्फात हाय."

तुम्ही तिच्याकडून कंपनीचं नाव घेतलंत, पासपोर्टचा नंबर घेतलात, कोणते कागद लागतील ते सखारामला समजावलंत. अर्ज स्वतः लिहिलात. इतकं स्वच्छ इंग्रजी, की मला एक स्वल्पविराम काढता आला नाही. आणि तो तुम्ही पाठवलात वकिलातीच्या सगळ्यांसाठी असलेल्या पत्त्यावर, जसा कुणीही पाठवेल तसा.

"आणि फोन?" सखारामने विचारलं.

"फोन नाही करणार."

सखारामला वाटलं, तुम्ही थट्टा करताय. तुम्ही म्हणालात, "तिथं मयतांचं बघायला एकच माणूस आहे. त्याच्यापुढे रांग आहे. मी वरून फोन केला की तो महेशला पुढे घेईल. म्हणजे दुसऱ्या कुणाला मागे ढकलेल."

"मग ढकलू दे की! त्याच्या गावात पन कोन तरी साहेब असंल. तो लावील त्याचा फोन."

"आणि नसला तर?"

"नसला तर त्याला आमी काय करनार, साहेब?"

मला त्याही वेळी हसू येणार होतं. सखारामचं चुकत कुठे होतं? मग पारू बोलली. "त्या दुसऱ्याची आई मला दावा, भावजी. मी तिच्या पाया पडंन. पन माजा पोरगा आना."

तुम्ही उठलात आणि आत गेलात. खुर्ची खिडकीशी ओढल्याचा आवाज मी ऐकला.

दोन दिवसांनी मला डोळे तपासायला महाडला जायचं होतं. तुम्ही बरोबर आलात. डॉक्टर यायचे होते म्हणून आपण चवदार तळ्याच्या काठी बसलो. मी सोडणार नव्हतेच. मी म्हटलं, "भाऊजी, तत्त्व तुमचं आहे. मयत पारूचं आहे. तुमच्या तत्त्वाचा खर्च तिने का सोसायचा?"

तुम्ही तळ्याकडे बोट केलंत. "इथं कुणी ओळख काढून पाणी मागितलं नव्हतं, वहिनी. हक्कानं ओंजळ भरली होती."

"जपून बोला," मी म्हटलं. "त्या दिवशी आपल्या घरातलं कोणी ओंजळ भरणाऱ्यांत नव्हतं. बघणाऱ्यांत होतं, आणि तेही चांगल्या नजरेने नाही."

तुम्ही बोट मागे घेतलंत. मग म्हणालात, "म्हणूनच तर."

"म्हणूनच काय? तळं समोर होतं, भाऊजी. पारूसमोर काय आहे?"

तेव्हा तुम्ही ते बोललात, जे मला आजही खोडता येत नाही आणि ज्यासाठी मी तुम्हाला आजही माफ करत नाही. तुम्ही म्हणालात, "नोकरीत असताना मी असे फोन केले. पुष्कळ केले. कुणाच्या मेव्हण्यासाठी, कुणाच्या भाच्यासाठी. प्रत्येक फोनने एक काम झालं. आणि प्रत्येक फोनमुळे दिल्लीला वाटत राहिलं की त्या टेबलावर एक माणूस पुरतो. ज्यांचा आवाज पोचतो त्यांचं काम होतं. ज्यांचं होत नाही त्यांचा आवाजच पोचत नाही. मग तक्रार करणार कोण? वहिनी, ते टेबल माझ्या फोनांवर चाललंय. मी आता नाही करणार."

"आणि तुम्ही फोन केला नाही म्हणून दिल्ली उद्या दुसरा माणूस नेमणार आहे?"

"नाही."

"मग?"

तुम्ही घड्याळ बघितलंत. तुम्ही म्हणालात, "चला, डॉक्टर आले असतील."

इकडे खोलीने आपल्या रीतीप्रमाणे केलं. मयत मिळत नसेल तर दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यांना माहीत. मेलेला माणूस समुद्रापलीकडे होता. मग दार कुठलं? त्यांनी विमानतळाचं कार्गोचं फाटक धरलं. पाळी लावली. सकाळी एक जायचा, संध्याकाळी दुसरा. कामावर खाडा करून उभे राहायचे. पहारेकरी हाकलायचे, हे समोरच्या रस्त्याला जायचे आणि परत यायचे. तुम्ही सखारामला फोन करून सांगितलंत, "अरे, अजून तिकडचे कागदच झालेले नाहीत. तिथं उभं राहून काही उपयोग नाही." सखाराम म्हणाला, "साहेब, तुमच्या हापिसातला कोन तिकडं उभा नाय. मग आमी हितं तरी उभं ऱ्हातो."

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मला म्हणालात, "वहिनी, हे इतकं चुकीचं आहे आणि माझ्या अहवालात मला हेच लिहायचं होतं." मी ताट झाकून ठेवलं. मला तुमची कीव आली नाही. खरं सांगते, मला वाटलं, आत्ता तरी उठा आणि तो फोन करा. तुम्ही उठला नाहीत.

महेश आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. कागद रीतसर झाले होते, पेटी रीतसर होती, आणि पेटीबरोबर रीतसर लिहून आलं होतं की उघडू नये. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पारू पेटीवर हात फिरवत राहिली. म्हणाली, "तोंड तरी बघू दे." सखाराम, ज्याच्या खोलीचा कायदा होता की तोंड बघितल्याशिवाय अग्नी नाही, तो मान खाली घालून उभा होता. तशीच पेटी बांबूंना बांधून नदीवर नेली.

तुम्ही खांदा द्यायला पुढे झालात. सखारामने तुमच्या हातातून बांबू काढून घेतला. अगदी हळू म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तुमची पाळी नाय आली अजून, साहेब. रांगेत ऱ्हावा."

तुम्ही रांगेत राहिलात. सगळ्यांच्या मागे चालत नदीपर्यंत गेलात.

त्यानंतर पारू आपल्या ओटीवर आली नाही. विहिरीवर भेटली की माझ्याशी बोलायची, पण तुमचं नाव घेत नसे. एकदा एवढंच म्हणाली, "कुनाला जाळलं, काय म्हायती, वयनी." मी हे तुम्हाला येऊन सांगितलं. लपवलं नाही. तुम्ही ऐकावं असं मला वाटत होतं. तुम्ही नंतरही दिल्लीला लेख पाठवत राहिलात, बोलावलं तर सभांना जात राहिलात, त्याच त्या गोष्टी मांडत राहिलात. लोक टाळ्या वाजवायचे. गावात मात्र तुमच्याशी कामापुरतं बोलत. तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत. त्याचाही मला राग यायचा. कुरकुर केली असतीत तर मी तुमची बाजू घेतली असती.

तुम्ही गेलात महाडच्या दवाखान्यात, दुपारी, मी तुमच्यासाठी मोसंब्याचा रस आणायला खाली गेले होते तेव्हा. भांडण करायला सुद्धा वेळ दिला नाहीत. मुंबईहून खोलीची माणसं त्याच दिवशी आली. ज्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं ते सगळे आले. सखारामने पहिला खांदा दिला. मयताशी वैर नसतं, हाही खोलीचाच कायदा.

आणि पारू भाकरी घेऊन आली. आपली चूल बंद होती. तिने टोपली ओटीवर ठेवली, माझ्याजवळ बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग तुमच्याकडे बघून म्हणाली, "महाडावरनं यायला येळ नाय लागला, भावजी." एवढंच. तुमचं तोंड मात्र तिने नीट बघितलं. मला वाटतं, तिने मुद्दाम बघितलं.

आता शेवटचं. हे तुम्हाला माहीत नाही.

दहाव्याच्या दिवशी तुमच्या त्या हाताखालच्या साहेबांचा फोन आला. ते अजून तिथंच राजदूत आहेत. चांगले बोलले. तुमच्याकडून काय काय शिकले ते सांगितलं. मग, सगळे म्हणतात तसं म्हणाले, "मॅडम, काहीही लागलं तर सांगा." बाकीच्यांना मी "हो, नक्की" म्हणून फोन ठेवला होता. यांना मी सांगितलं. माझी जुनी विद्यार्थिनी सलमा आदल्याच दिवशी तुडीलहून भेटायला आली होती. तिचा नवरा तिथं बांधकामाची परांची कोसळून दवाखान्यात पडला आहे, कंपनी पासपोर्ट देत नाही आणि वकिलातीतून कोणी फिरकलेलं नाही. "बाई, तुम्ही कुणाला ओळखता का?" असं तिने मला विचारलं होतं. मी नाव सांगितलं, दवाखाना सांगितला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सलमाचा फोन. रडत होती आणि हसत होती. वकिलातीतला माणूस जाऊन आला, कंपनीला दम दिला, पासपोर्ट निघाला. एका दिवसात, भाऊजी. एका फोनवर. इतकं सोपं होतं हे. महेशच्या वेळी इतकंच सोपं होतं, आणि पारूला मुलाचं तोंड बघायला मिळालं असतं. त्या रात्री मी तुमच्या फोटोला घातलेला हार काढून ठेवला.

पण गोष्ट तिथं संपली असती तर मी तुम्हाला लिहिलंच नसतं. पुढच्या दिवशी तो वकिलातीतला माणूस स्वतः फोनवर आला. साहेबांनी मॅडमना कळवायला सांगितलं होतं. हिंदीत बोलत होता, दमलेला आवाज. काम झाल्याचं सांगितलं. मी आभार मानले आणि सहज विचारलं, "तुम्हाला फार धावपळ पडली असेल."

म्हणाला, "नाही मॅडम. मी बंदराकडे निघालोच होतो, एका मयताच्या कागदांवर सही घ्यायची होती. साहेब म्हणाले, आधी दवाखान्यात जा."

"मग ते बंदराकडचं?"

"ते राहिलं. सही करणारा अधिकारी आता सुट्टीवर गेला. पुढच्या आठवड्यात बघू."

"दुसरं कोणी नाही का जायला?"

"मी एकटाच आहे, मॅडम."

मी फोन ठेवायला हवा होता. मी त्याला त्या मेलेल्या माणसाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. गावही सांगितलं. आपल्या राज्यातलं नाही, फार लांबचं आहे, मी ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. घरी आई आहे, असंही म्हणाला. ती रोज फोन करते आणि तिची बोली त्याला नीट समजत नाही.

मी राजदूतांना पुन्हा फोन केला. म्हटलं, "त्या टेबलावर आणखी एक माणूस द्या." ते थोडं हसले, वाईट हेतूने नाही. म्हणाले, "मॅडम, सरांनी हेच लिहिलं होतं. सर बरोबर होते. आम्ही सगळे मानतो. पण आता माझ्या हातात नाही." मग म्हणाले, "तुमच्या ओळखीचं आणखी कोणी असेल तर मात्र अवश्य सांगा."

तर असं झालं आहे, भाऊजी. सलमाचा नवरा घरी येणार आणि तो दुसरा आणखी एक आठवडा बर्फात राहणार, आणि हे दोन्ही मी केलं आहे. उद्या आणखी कोणी आपल्या ओटीवर आलं तर मी पुन्हा फोन करीन. मला ‘नाही’ म्हणता येत नाही, तुम्हाला यायचं. तुम्ही बरोबर होतात हे दिल्लीत मानतात, वकिलातीत मानतात, सभांत टाळ्या वाजवून मानतात. माझ्याकडूनही ऐकायची तुमची इच्छा होती, ते मला शेवटपर्यंत दिसत होतं. पण ते वाक्य मला पारूच्या अंगणात उभं राहून म्हणता येत नाही. आणि तिच्यासमोर जे म्हणता येत नाही, ते मी तुमच्यापाशीही म्हणणार नाही.